उन्हाळी संशोधन प्रशिक्षण: जी पोरं प्रयोगशाळेपर्यंत पोचतच नाहीत त्यांच्यासाठी कसं करावं?

परीक्षानळी

नमस्कार मंडळी,

मी नागपुरातल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे बीएस्सी, एमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) आणि नर्सिंगची पोरं आहेत. माजी विद्यार्थ्यांनी थोडा निधी जमवलाय आणि त्यातून उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं आरोग्य-संशोधनाचं प्रशिक्षण सुरू करावं, असं घाटतंय. जागा बारा. प्रश्न ठरवणं, एथिक्स कमिटीचा (संशोधन नैतिक आहे का ते तपासणारी समिती) अर्ज, नमुने, नोंदी, आकडेमोड आणि शेवटी पोस्टर, हे सगळं पोरांनी स्वतःच्या हातानं करायचं.

या जागा आदिवासी, दलित, भटक्या-विमुक्त, खेड्यातल्या आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींसाठी ठेवाव्यात, असं माझं मत. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळ्यांना खुलं ठेवा आणि बारावीचे मार्क लावा. दुसरा म्हणतो, मग ज्यांचे मामा-काका आधीच कुठेतरी डॉक्टर नाहीतर शास्त्रज्ञ आहेत तीच पोरं येतील. मी दुसऱ्या तटात आहे हे सांगायला नकोच.

तर निवड कशी करावी? मानधन द्यावं का? आणि तुम्ही स्वतः अशा प्रशिक्षणाला गेला असाल तर काय कामाला आलं आणि काय निव्वळ फालतू होतं?

तर्रीवाला

पहिला!

मॅडम, विषय एक नंबर. पण मे महिन्यात नागपुरात? पोट्ट्यायले उकडून काढता काय?

मेडिकलचौक

मी एमबीबीएसला असताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप केली होती. ही योजना १९७९ पासून आहे. दोन महिने, विषय आपण सुचवायचा, गाईड आपल्याच कॉलेजचा. मानधन आता ५०,००० रुपये झालंय, माझ्या वेळी बरंच कमी होतं.

कामाला काय आलं ते सांगतो. एथिक्स कमिटीसमोर उभं राहून 'रुग्णाने मध्येच नकार दिला तर काय करणार?' याचं उत्तर देणं. पूर्ण एमबीबीएसमध्ये मला हे कोणी विचारलं नव्हतं. दुसरं म्हणजे नमुन्याची संख्या कशी काढतात ते. फालतू म्हणाल तर 'संशोधनाचे महत्त्व' या विषयावरची उद्घाटनाची भाषणं.

आता तुमच्या मुद्द्याचं. या योजनेची जाहिरात उघड असते, कोणीही अर्ज करू शकतो. पण प्रस्ताव कसा लिहायचा हे मला होस्टेलमधल्या सीनियरनं शिकवलं. त्याचा जुना प्रस्ताव समोर ठेवून मी माझा लिहिला. ज्याला असा सीनियर नाही, त्याला शेवटच्या तारखेनंतर कळतं. तेव्हा खुलं ठेवलं की सगळ्यांना सारखी संधी मिळते, हे काही खरं नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तिथे मानधन अहवाल मंजूर झाल्यावर येतं, नियमच तसा आहे. घरून पैसे येणाऱ्याला फरक पडत नाही. बाकीच्यांनी दोन महिने खायचं काय?

रानभाजी

आयुर्वेदवाल्यांसाठी सीसीआरएएसची (केंद्राची आयुर्वेद संशोधन परिषद) 'स्पार्क' योजना आहे, २०२२ पासून. तीही दोन महिन्यांची, तिथेही ५०,०००. पण आयसीएमआरची एमबीबीएस-बीडीएसला आणि ही बीएएमएसला. नर्सिंग आणि एमएलटीला दोन्हीकडे दार बंद. रुग्णाच्या सगळ्यात जवळ नर्स, रक्ताच्या सगळ्यात जवळ टेक्निशियन, आणि संशोधन शिकायची सोय मात्र त्यांनाच नाही. परीक्षानळीताई, तुमचा कार्यक्रम या पोरांसाठी असेल तर तेवढ्यावरच माझा पाठिंबा.

सरळरेषा

सर्वांचा आदर राखून विरोधी मत मांडतो. संशोधनात जात कशाला आणता? पिपेटला जात नसते. माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमधल्या वॉचमनचा मुलगा ओपनमधला आहे, बीएस्सी करतो, रात्री एटीएमवर बसतो. त्याला तुम्ही जागा नाकारणार आणि क्लास वन अधिकाऱ्याच्या मुलीला देणार, कारण तिच्याकडे सर्टिफिकेट आहे?

तर्रीवाला

आला! प्रत्येक धाग्यावर हा वॉचमन येतेच. पॉपकॉर्न घेऊन बसलो मी.

सरळरेषा

हसण्यावारी नेऊ नका. मुलगा खरा आहे.

अहेरीवाला

सरळरेषा, पोरगा खरा असल तं त्याले पण घ्या ना, कोण नाई म्हणते. पण तुमी जाती-मार्कावर भांडून राहिले अन् खरी अडचण अजून कोणी बोललाच नाई.

मी गडचिरोलीतल्या अहेरी तालुक्यातला. नागपुरात सरकारी वसतिगृहात राहून बीएस्सी केली. मे महिना म्हणजे आमच्याकडे तेंदूपत्ता, बिडीची पानं. पहाटे अंधारात घरचे सगळे जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणतात. दुपारभर घरात बसून पुडके बांधायचे, वाखानं. संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. त्या पंधरा-वीस दिवसांत जो पैसा येते त्याच्यावर बी-बियाणं, पोरांची फी, लग्नकार्य सगळं चालते. त्या टायमाले घरचा एक हात नागपुरात एसीत बसून पिपेट धरून राहिला तं बाप काय म्हणन? रागानं नाई, हिशोबानं म्हणन.

दुसरं, उन्हाळ्यात वसतिगृह बंद. मेस बंद. आमाले खोली खाली करा म्हणून नोटीस लागे. मले एकदा एका संस्थेत उन्हाळी प्रोजेक्ट भेटला होता, फुकटचा, मानधन नाई. राहाचं कुठं? इंदोऱ्यात मित्राच्या खोलीत आठवडाभर राहिलो, मंग त्याच्या घरमालकानं कटकट केली. सोडून दिला प्रोजेक्ट. संस्थेच्या रजिस्टरात माझ्या नावापुढं 'अनियमित' लिहून असन.

तं मॅडम, मानधन द्यावं का हा प्रश्नच नोको. पहिला हप्ता पहिल्या दिवशी हातात द्या. तेंदूच्या कमाईपेक्षा कमी नोको. अन् राहाची सोय करा. मंग निवडीचं बोलू.

मेडिकलचौक

+१. धागा इथेच संपला तरी चालेल.

ह्यूस्टनकर

मूळ नागपूरचा, लक्ष्मीनगर. गेली काही वर्षं टेक्सासमध्ये एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करतो. इथे असे उन्हाळी कार्यक्रम जुने आहेत. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेचा आरईयू हा पदवीच्या पोरांसाठीचा कार्यक्रम १९८७ पासून चालतो, आरोग्यासाठी एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशावर वेगळे चालत. साधारण आठ ते दहा आठवडे, मानधन, बहुतेक ठिकाणी राहण्याची सोय, शेवटी पोस्टर. (कोणी विचारायच्या आत सांगतो: आरईयू अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठीच आहे. भाच्याला इकडे पाठवायचे बेत करू नका.)

तुमच्या कमिटीला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. एनआयएचच्या व्याख्येत वंश आणि अपंगत्व होतंच, पण 'वंचित पार्श्वभूमी' हा वेगळा गट होता आणि त्याची यादी फार व्यवहारी होती: आई-वडिलांपैकी कोणीही पदवीधर नसणं, शाळेत सवलतीचं जेवण घेतलेलं असणं, सरकारी शिष्यवृत्तीची पात्रता, बेघर किंवा अनाथ-संगोपनात राहिलेलं असणं, दुर्गम खेड्यात वाढणं वगैरे. यातले कुठलेही दोन निकष लागू झाले की तुम्ही त्या गटात.

मेरीलँडमधला मेयरहॉफ कार्यक्रमही बघा. १९८८ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी सुरू झाला, पुढे सगळ्यांना खुला केला, पण उद्देश सोडला नाही. मॉडर्नाच्या कोविड लसीमागच्या संशोधनात असलेल्या किझमेकिया कॉर्बेट त्याच कार्यक्रमातल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या पोरांत मी हेच बघतो: पहिले दोन आठवडे 'मी इथे चुकून आलोय' असा चेहरा, आणि सातव्या आठवड्यात माझ्याशी वाद घालतात.

२०२५ मध्ये सरकार बदलल्यावर यातल्या बऱ्याच कार्यक्रमांचा निधी थांबला, तो वेगळा आणि लांबलचक धागा होईल.

सरळरेषा

ह्यूस्टनकर, हे दोन निकषांचं पटतंय. त्यात जात हा एक निकष असेल तर माझी हरकत नाही. एकमेव निकष असू नये, एवढंच म्हणणं होतं.

तर्रीवाला

अरे! सरळरेषा वाकली. स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

बुटीबोरी_एक्सप्रेस

जरा कडू बोलतो. बीफार्मच्या सुट्टीत एका नामांकित संस्थेत सहा आठवडे 'समर ट्रेनिंग' केलं. वरून फी आम्हीच भरली होती. काम काय? जुन्या केसपेपरवरून एक्सेलमध्ये आकडे भरणं आणि बीकर धुणं. ज्या सरांचं नाव सर्टिफिकेटवर आहे त्यांना मी दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा सर्टिफिकेट घेतानाच. आकडे कशाचे आहेत असं विचारलं तर पीएचडीवाला दादा म्हणाला, 'तू भर ना.'

मॅडम, बारा पोरांना बारा गाईड आहेत का? नसतील तर सहाच घ्या. आणि रोज जो सोबत बसणार, तो पीएचडीचा असो की टेक्निशियन, त्यालाही चार पैसे द्या. नाहीतर तो पोराला बीकरच देणार.

चहाटपरी_धरमपेठ

केंद्राच्या इन्स्पायर योजनेचं कोणी बोललं नाही. मूलभूत विज्ञानाच्या पदवीला वर्षाला ८०,००० ची शिष्यवृत्ती, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. शिवाय तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिने देशातल्या कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये. तुमच्या पोरांना हे अर्ज भरायला शिकवलं तर वेगळा कार्यक्रम काढायची गरज काय?

मेडिकलचौक

@चहाटपरी, इन्स्पायरला बारावी बोर्डाचे वरचे १ टक्का लागतात. अहेरीवाल्याच्या वर्गातल्या किती जणांना मिळाली असेल? अकादम्यांच्या अर्जात शिक्षकाचं शिफारसपत्र आणि 'तुम्हाला काय करायचंय' यावर निबंध असतो. ज्यानं लॅब बघितलीच नाही तो काय लिहिणार? हा कार्यक्रम त्याच्या आधीची पायरी आहे. त्यातून निघालेलं पोरगं पुढच्या वर्षी अकादमीचा अर्ज भरेल.

मायक्रोस्कोपताई

मी सरकारी प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे, माझी धाकटी बहीण सिकलसेलची (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) रुग्ण आहे. म्हणून थोडं मोठं लिहितेय.

आपल्या विदर्भात सिकलसेल दलित आणि आदिवासी वस्त्यांत जास्त. नागपुरातून त्यावरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच छापून आला होता. तेव्हापासून आमच्या लोकांचं रक्त तपासणं चालूच आहे. बोट पुढे करणारे आमचे, आणि पेपरवर नावं कोणाची हे तुम्हीच बघा. २०२३ च्या जुलैपासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय, आदिवासी भागातल्या चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची. एवढ्या नोंदींचा अभ्यास कोण करणार? ज्या घरात रात्री बारा वाजता सांधे धरून रडणारं पोर असतं, त्या घरातल्या मुलीच्या डोक्यात येणारे प्रश्न वेगळे असतात. मला पडलेला एक सांगते: दुखण्याचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मिळतात तरी माणसं मध्येच का सोडतात? हे केसपेपरवर सापडत नाही, चुलीजवळ बसून विचारावं लागतं.

मॅडम, सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट पहिल्या आठवड्यात ठेवा. स्वस्त आहे आणि डोळ्यांनी दिसते. नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर पॉझिटिव्ह. मग पोरांना विचारा, हा वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतः आजारी नाही) की रुग्ण? या टेस्टवरून सांगताच येत नाही, एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) दोन्ही गढूळच दिसतात. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या. चाळणी चाचणी आणि निदान यातला फरक एका दुपारी कळतो.

पण एक हात जोडून विनंती. सराव म्हणून पोरांना एकमेकांचं रक्त तपासायला लावू नका. एखादी मुलगी वाहक निघाली तर बारा जणांसमोर निघेल. उद्या सोयरिकीत कोणीतरी बोलेल. वाहक असणं हा आजार नाही हे आपण इथे म्हणतो, लग्नाच्या बैठकीत नाही म्हणत. आधीचे ओळख काढून टाकलेले नमुने वापरा, तेही एथिक्स कमिटीला विचारून.

रानभाजी

ताई, वाचनखूण साठवली. शेवटचा परिच्छेद प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावायला हवा.

परीक्षानळी

मायक्रोस्कोपताई, आमच्या आराखड्यात दुसऱ्या दिवशी 'स्वतःचं रक्त तपासा' असंच होतं. आजच काढलं. रक्तगट ठेवू की तेही नको?

मायक्रोस्कोपताई

रक्तगट चालेल, पण ज्याला द्यायचाय त्यानंच द्यावा. नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. संमती शिकवायची तर तिथूनच.

वाळ्याचा_कूलर

लॅबच कशाला हवी? मे महिन्यात नागपुरात सगळ्यात मोठा आरोग्याचा विषय रस्त्यावर उभा असतो. ट्रॅफिक पोलिस, बांधकामावरच्या बाया, डिलिव्हरीची पोरं. पारा ४५ च्या वर गेला की किती पाणी पितात, लघवीला कधी जातात, चक्कर कितींना येते? बायांना जागाच नसते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. नागपूरला हीट ॲक्शन प्लॅन आहे, तो या माणसांपर्यंत पोचतो का हा प्रश्न बारा पोरं आठ आठवड्यांत नक्की हाताळू शकतात. खर्च: प्रश्नावली, थर्मामीटर, टोपी.

गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेचं उदाहरण आहेच. डॉ. अभय आणि राणी बंग या दांपत्याचा नवजात बाळांचा अभ्यास ३९ गावांत झाला, १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये आला. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनी बाळांचं वजन, श्वास, ताप मोजला आणि नोंदी ठेवल्या. त्यांना जमलं तर बीएस्सीच्या पोरांना का नाही?

मेडिकलचौक

कल्पना झकास. फक्त पोरांना दुपारी बारा ते चार रस्त्यावर धाडू नका. नवतप्यात (मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस) उष्माघातावर संशोधन करणारेच उष्माघाताने ॲडमिट, अशी बातमी छापून येईल.

तर्रीवाला

मॅडम, सकाळी सात ते दहा सर्व्हे, मंग तर्री पोहे, मंग एसीत आकडेमोड. हे माझं एकमेव वैज्ञानिक योगदान.

अवांतर: पोहे कस्तुरचंद पार्ककडे की बर्डीवर?

बुटीबोरी_एक्सप्रेस

अवांतराला अवांतर: दोन्हीकडे नाही. पण सांगितलं तर तिथे गर्दी होईल.

चहाटपरी_धरमपेठ

पोस्टर इंग्रजीत की मराठीत? माझ्या मते इंग्रजीतच हवं. पुढे सगळीकडे तेच लागणार.

अहेरीवाला

पोस्टर इंग्रजीत करा, शिकावं लागतेच. पण पहिला महिना प्रश्न विचाराची मुभा मराठीत द्या, हिंदीत द्या. मी तीन वर्षं वर्गात एक प्रश्न नाई विचारला, कारण वाक्य डोक्यात इंग्रजीत बसवेस्तोवर सर पुढच्या पानावर गेले राहत. अन् जमलं तं शेवटी एक दिवस ज्यांचा सर्व्हे केला त्यायलेच बोलवा, त्यायच्या भाषेत सांगा का तुमच्यात काय सापडलं.

सरळरेषा

हे शेवटचं मला सगळ्यात आवडलं.

परीक्षानळी

सगळ्यांचे आभार. काल कमिटीची बैठक झाली. धागा छापून नेला होता (तर्रीवाल्यांचे प्रतिसाद वगळून).

जे ठरलं ते असं. जागा बाराच्या आठ केल्या, उरलेल्या पैशात मानधन वाढवलं. पहिला हप्ता रुजू होण्याच्या दिवशी, बाकी दर पंधरवड्याला. निवडीला मार्क नाहीत. सहा निकष ठेवलेत: अनुसूचित जाती-जमाती किंवा भटके-विमुक्त, आई-वडील दोघंही पदवीधर नसणं, दहावीपर्यंत खेड्यात किंवा आश्रमशाळेत शिक्षण, घरचं उत्पन्न, अपंगत्व, स्वतः कमवून शिकणं. कुठलेही दोन लागू हवेत. सरळरेषा, तुमचा वॉचमनचा मुलगा बसतो, त्याला अर्ज करायला सांगा. निबंधाऐवजी पंधरा मिनिटं गप्पा, पोरानं आजूबाजूला पाहिलेल्या एखाद्या आरोग्याच्या प्रश्नावर.

दोन गोष्टी सुटल्या नाहीत. राहण्याची सोय मुलींसाठी झाली, आमच्याच होस्टेलचा एक मजला उघडा ठेवणार. मुलांसाठी अजून शोध चालू आहे. आणि तारखा. मे सुरू होताच घ्यायचं तर तेंदूपत्ता आणि विद्यापीठाच्या परीक्षा, दोन्ही आडवे येतात. जूनच्या मध्यावर सुरू केलं तर वर्ग सुरू झाल्यावरही चार-पाच आठवडे उरतात. मी जूनच्या बाजूनं आहे, प्राचार्य नाहीत.

वाळ्याचा_कूलर

जूनमध्ये केलं तर माझा उष्माघात गेला की हो!

मेडिकलचौक

पाऊस पडला की डेंग्यू आहेच. कूलरच्या टाक्यांतल्या अळ्या मोजा.

अहेरीवाला

जूनच ठेवा मॅडम. तोवर तेंदू संपते. धानाची रोवणी जुलैत लागते, तेव्हा एक-दोन पोरं चार दिवस सुट्टी मागतीन, देऊन टाका. अन् मुलीच्या घरच्यांशी बोलाचं असन तं माझा नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो. माडियात, आमच्याकडच्या आदिवासी बोलीत, बोलणारा माणूस फोनवर असला का बाप लवकर ऐकते.

पवनी_ते_नागपूर

बरेच दिवस नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितेय. मी एमएलटी दुसऱ्या वर्षाला आहे, गाव भंडारा जिल्ह्यात. आई-बाबा दोघंही दहावीच्या आतले, शाळा गावातच झाली. पण आम्ही ओबीसी आणि माझं नॉन-क्रिमिलेयर अजून तहसीलमध्ये अडकलंय. तुमच्या कॉलेजची नसले तरी अर्ज करता येईल का?

परीक्षानळी

येईल. दोन निकष तुम्ही वरच सांगितलेत, त्यात नॉन-क्रिमिलेयर लागतच नाही. दहावीच्या टीसीची झेरॉक्स आणि पालकांचं साध्या कागदावरचं स्वतःच्या सहीचं पत्र पुरेल. व्यनि केलाय, बघा.